गुरुवारचा जिताडा

पनवेलमधी कुठं काय खायचं हे मला विचारायचं. वीस वर्षं रिक्षा चालवतोय, आणि हँडलला पोट लागायला लागलं त्याला बारा झाली. गाडी वळवताना आधी पोट वळतं, मग हँडल, मग पॅसेंजर. स्टेशनला उतरलेला नवा माणूस विचारतो, इथं चांगलं जेवण कुठं मिळेल, तर मी आधी त्याचीच चौकशी करतो. तिखट सोसतं का, काट्याचा मासा खाता येतो का, बरोबर म्हातारं माणूस हाय का. डॉक्टर पण एवढं विचारत नाय. सकाळ असली तर स्टेशनापाशी मावशीच्या गाडीवरची मिसळ. दुपार असली तर तलावाच्या अंगाला मच्छीची खानावळ. शुक्रवार असला तर मोहल्ल्यात चाचांचं हॉटेल, तिथली बिर्याणी नमाजानंतर तासाभरात संपते, म्हणून तिथं जाताना मी सिग्नल पण बघत नाय. शाळेत मी दोन वर्षं गेलो, दोन्ही पयलीतच. पण हा अभ्यास आपला पक्का.

फक्त एक गोष्ट मी पॅसेंजरला सांगत नव्हतो. त्या खानावळीत लोक ज्या तांदळाच्या भाकरीसाठी रांग लावायचे, ती माझ्या बायकोच्या हातची. चाचांकडं मटणाबरोबर यायची ती पण तिचीच. पहाटे ती भाकऱ्या भाजायची, मी फडक्यात बांधून रिक्षातनं पोचवायचो, आणि दुपारी त्याच खानावळीत पॅसेंजर नेऊन सांगायचो, यांची भाकरी खाऊन बघा, असली कुठं मिळायची नाय. तेरा वर्षं मी माझ्याच घरची भाकरी दुसऱ्याच्या नावानं वाखाणली. त्यात कायतरी चुकतंय असं मला एकदा पण वाटलं नाय. उलट खानावळवाला मला फुकट सोलकढी द्यायचा, तेव्हा मला वाटायचं आपण लई हुशार.

बायकोला मात्र वाटत होतं. एका सकाळी तव्यावरची भाकरी उलटताना ती बोलली, "दुसऱ्याच्या ताटात वाढून वाढून माझे हात भाजले. आता ताट माझं पायजे."

आणि तिनं ते केलं. पनवेलला लागूनच करंजाड्याला एका बिल्डिंगच्या खाली गाळा भाड्यानं घेतला. सहा टेबलं, मागं चूल नि गॅस, पुढं नळ. आगरी पद्धतीचं जेवण, भाकरी नि मासळी. दोन्ही हॉटेलांच्या भाकऱ्या तिनं बंद केल्या. त्या गाळ्यात आधी एक चायनीजवाला बसला होता नि एक डोसेवाला, दोघं पण पावसाळा बघायच्या आत उठले. आमच्या गावातल्या बायका तोंडावर हसून आशीर्वाद द्यायच्या आणि पाठीमागं दिवस मोजायच्या. तिला दिसत होतं सगळं. मला एवढंच बोलली, पयल्या दिवशी माणूस आलं पायजे. पयल्या दिवशी रिकामी टेबलं दिसली तर त्या बिल्डिंगीतलं माणूस परत आत पाय टाकायचं नाय.

सगळी कामं तिनं केली. मला एकच काम दिलं. दिवस ठरवायचा, फ्लेक्स छापायचा आणि लोकांना सांगायचं. हे मोजायला गेलं तर तीन कामं होतात, पण ती बोलली, तुमाला एकच समजा.

आता दिवस मी कसा ठरवला ते सांगतो, म्हंजे तुमी मला पुरतं ओळखाल. आमचं घराणं मिठागरवाल्यांचं. माझा बा भरतीचं पाणी आगरात घ्यायचा, त्यामुळं त्याच्या डोक्यात वार कधी नव्हताच. तिथी होती. आज काय हाय विचारलं तर बा सांगायचा, पंचमी. अमावास्या धरून तिसऱ्या दिवशी उधाण खरं चढतं, तेव्हा खाडीला पाणी पण मोठं आणि मासळी पण मोठी. मिठागरं गेली, बा गेला, पण कॅलेंडरवर माझी नजर आजसुद्धा त्या काळ्या गोळ्यावरच जाते. अमावास्येचा तो गोळा वाचायला पयली पण पास व्हावी लागत नाय. मी गोळ्यावर बोट ठेवलं, एक, दोन, तीन मोजलं, आणि खालचा आकडा फ्लेक्सवाल्याला सांगितला. बायकोला बोललो, अमावास्येपासून तिसरा दिवस, सायंकाळी सात. ती बोलली, झकास. तिनं आपलं अमावास्या सोडून मोजलं. तिच्या हिशोबानं तो शुक्रवार आला.

उरणला माझा मामेभाऊ होडी चालवतो. त्याला मी सांगितलं, उधाणाचे तीन जिताडे आणि टोपलीभर कोलंबी पायजे. जिताडा म्हंजे आमच्यात जावयाला करतात तो मासा. जावई नसलेल्या घरात पण जिताडा आला की एखादा माणूस जावयासारखा बसतो. आमच्यात तो मी. आणि लोकांना सांगायचं काम तर मी असं केलं की विचारू नका. पंधरा दिवस जो रिक्षात बसला त्याला आमंत्रण. स्टँडवरचे सगळे रिक्षावाले, बिल्डिंगींचे वॉचमन, बँकेतल्या मॅडम, कॉलेजची पोरं, एक साहेब तर विमानतळाच्या कामावरचा होता, त्याला मराठी येत नव्हतं, त्याला मी हातानं मासा करून दाखवला.

बुधवारी दुपारी मी गाळ्यावर फ्लेक्स लावला. हे मोठं, दरवाजाएवढं, आणि मधोमध जिताड्याचा फोटो, तोंड उघडलेला. मी खाली उभा राहून बघत होतो तेवढ्यात बायको टोप घेऊन आली. ती सातवी शिकलेली. तिनं फ्लेक्स वाचला, आकडा वाचला, टोप खाली ठेवला.

"उद्या वार काय?"

"द्वितीया," मी बोललो.

"मी वार विचारला."

वार मला ठाऊक नव्हता. रिक्षाला रविवार नसतो, मग बाकीचे कशाला लक्षात ठेवायचे. तीच बोलली, एकेक शब्द वेगळा ठेवून. "उद्या मार्गशीर्षातला पयला गुरुवार हाय. घरात लक्ष्मी बसवायची आणि दारात मासा कापायचा?"

पनवेल-उरणच्या बाहेरच्या माणसाला यातला भूकंप कळायचा नाय. आमचे लोक वर्षभर मासळीशिवाय घास गिळत नायत, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरातल्या कालवणाचा टोप पण उपडा पडतो. बाया दिवसभराचा उपास करतात, सांजेला घट पूजून नैवेद्य दाखवतात, मग जेवतात. त्या दिवशी मासळीची खानावळ उघडणारा माणूस सगळ्या रायगड जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो तिच्या नशिबी आला.

मी बोललो, एक दिवस पुढं ढकलू, सगळ्यांना फोन करतो. ती बोलली, करा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ज्यांना आमंत्रण दिलं त्यातल्या निम्म्यांची मला नावं पण ठाऊक नायत. त्यांना मी फक्त आरशात बघितलं होतं.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मला वाटलं आता रडेल किंवा टोप फेकून मारेल, मी दोन्हीच्या तयारीनं उभा होतो. पण ती बोटं मोजत होती. मग बोलली की दार उद्याच उघडायचं. ज्याला बोलावलं त्याला बंद दार दाखवायचं नाय. उद्या नैवेद्याचं जेवण करायचं, कांदा-लसूण नाय. भाकरी, वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. आणि मासळीचं काय ते तुमी बघा, ती तुमची तिथी हाय.

आता बिरड्याला मोड आलेले वाल लागतात. वाल भिजवायला एक दिवस, मोड यायला एक दिवस, मग एकेक दाणा सोलायचा. आमच्याकडं एक रात्र. पण ती बोलली, उद्या गुरुवार हाय, म्हंजे आज गावात घराघरात वाल मोड येऊन बसले असतील. मला डबा दिला आणि गावात पाठवला. मी आयुष्यात दारोदार फिरून उधार, वर्गणी, मतं सगळं मागितलंय. मोड आलेले वाल पयल्यांदाच मागितले. प्रत्येक दारात मला आधी काय घोळ घातला ते सांगावं लागायचं, कारण सांगितल्याशिवाय कोण वाल देत नव्हतं. सांगितलं की घरातली सगळी माणसं बाहेर येऊन ऐकायची, एक म्हातारी तर परत पयल्यापासून सांग बोलली, तिची सून नळावर गेली होती म्हणून. पण दिले. ज्या बायका दिवस मोजत होत्या त्यांनी सुद्धा ओंजळ ओंजळ दिले. आणि पहाटे त्यातल्या सहा-सात जणी आपणहून सोलायला आल्या. मी पण बसलो. मी सोललेला दाणा बघून एकीनं विचारलं, हा सोललाय का चावलाय. मग मला उठवलं.

तसं पण मला उठायचंच होतं, कारण उजाडता उजाडता उरणचा टेम्पो आला. मामेभावानं शब्द पाळला होता. तीन जिताडे, सगळ्यात धाकटा माझ्या मांडीएवढा, आणि कोलंबी अजून टोपलीत उडत होती. एवढी चांगली मासळी बघून मला पयल्यांदाच रडू आलं. मागच्या सीटवर प्लास्टिक टाकून मी ते तिघे बसवले आणि पनवेलभर गिऱ्हाईक शोधायला निघालो.

मिसळवाल्या मावशीनं मला लांबनंच हात केला. तिचा उपास होता, ती दुसऱ्यांसाठी तर्री ढवळत होती. बोलली, गुरुवारी सकाळी सकाळी माझ्या गाडीपुढं मासा आणलास, रिक्षा त्या पोलापाशी लाव आणि तू इथं ये. मी गेलो. तिनं मला मिसळ दिली, कारण माझा उपास नव्हता हे सगळ्या पनवेलला ठाऊक हाय. पण मासळीला ती काय करणार.

मग तलावाकडं. खानावळवाला दारात फुलं बांधत होता. रिक्षात डोकावला आणि इतका हसला की त्याची वेटरलोकं बाहेर आली. बोलला, "शेठ, आज मी पिठलं विकतोय, आणि तुमी मला जिताडा दाखवता?" पनवेलमधी जमिनीच्या पैशातनं ज्याच्या गळ्यात सोन्याची चेन आली त्याला शेठ बोलतात. आमची जमीन बा असतानाच सरकारनं घेतली नि तिचे पैसे चुलत्यांकडं गेले, त्यामुळं मी बिनचेनचा शेठ. मी पण हसलो. मग त्यानं हसणं थांबवलं आणि गळ्यात हात टाकून बाजूला नेलं. वैनीच्या भाकरीशिवाय लोक मला शिव्या देतात, बोलला. नाय चाललं तर लाज वाटून घेऊ नका, उद्यापासून भाकऱ्या परत चालू करा, मी वाट बघतो.

तो वाईट बोलला नाय. खरं सांगायचं तर त्या क्षणाला मला बरं वाटलं. परतीचा रस्ता उघडा हाय, असं वाटलं. रिक्षात बसल्यावर त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली. ती तिकडं भाड्याच्या गाळ्यात उपाशीपोटी खीर ढवळत होती, आणि मी इकडं तिच्या हरण्याची सोय बघून खूश होत होतो.

मोहल्ल्यात चाचा हॉटेलच्या पायरीवर चहा पीत बसले होते. हे चाचा तीस वर्षं आखातात मोठ्या कॅम्पवर खाना बनवायचे. माणूस कमी बोलतो. त्यांनी एक जिताडा उचलला, कल्ला उघडून बघितला, दुसरा बघितला.

"माशाअल्लाह. कुणाची शादी आहे?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नायत, म्हणून मला जास्तच शरम वाटली. उद्या जुम्मा आहे, बोलले, बिर्याणीसोबत हे करीन, लोक दुवा देतील. तिन्ही जिताडे आणि कोलंबी त्यांनी आत बर्फात ठेवायला सांगितली. मी निघालो तर त्यांनी परत हाक मारली.

"मियाँ, एक बात ऐक. तू माझ्याकडं इतकी वर्षं गिऱ्हाईक आणलंस. तुझ्या बीवीची भाकरी आहे हे एकालाही सांगितलं नाहीस. मी वाट बघायचो, आज सांगेल, उद्या सांगेल."

मी मागच्या सीटवरचं ओलं प्लास्टिक गुंडाळायला लागलो. चाचा बोलले, "आज दुकानात जोक मारू नकोस. ती जेवण वाढेल. तू बाहेर उभा रहा आणि सांग कुणाच्या हातचं आहे."

सांजेला बायकोनं गाळ्यातच चौरंगावर घट मांडला, पूजा केली, नैवेद्य दाखवला. फ्लेक्स काढायला वेळ नव्हता, म्हणून त्यावर तिची पिवळी साडी बांधली. जिताडा झाकला गेला, पण शेपूट साडीखालनं बाहेर राहिली. ऑफिसातनं आलेल्या एक बाई दारात चपला काढून लक्ष्मीला पाया पडल्या, वर बघितलं आणि मला विचारलं, हे काय. मी बोललो, मत्स्यावतार. आतनं बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की पुढचे दोन जोक मी गिळले.

साडेसातला सात रिक्षा एका रांगेत आल्या. सगळा स्टँड. पुढं आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, त्यांना आमी आबा बोलतो. उतरल्या उतरल्या आबांनी विचारलं, जिताडा कुठाय.

"मोहल्ल्यात गेला," मी बोललो.

मग काय, सगळे तुटून पडले. कोण बोलला, याला आता परत पयलीत घाला, वार शिकवा. कोण बोलला, दिवाळीला हा होळी पेटवेल. इतर वेळी मी त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं हसलो असतो. पण ते पंधरा-सोळा जण दारात उभे होते, आत कोण जात नव्हतं, आणि आतली सहा टेबलं रस्त्यावरनं रिकामी दिसत होती. वरच्या गॅलऱ्यांमधनं लोक बघत होते. कोणतरी बोलला, चला मग, वडापाव खाऊ. दोघे रिक्षाकडं वळले पण. मी बायकोकडं बघितलं. तिचे हात पिठाचे होते आणि चेहरा पण.

मी बोललो, आणि आवाज नेमका फाटला, "आबा, तलावावरच्या खानावळीत तुमी तेरा वर्षं जी भाकरी खाल्ली, ती हिच्या हातची. चाचांकडची पण हिचीच. मी सांगितलं नाय, मी गाढव."

कोण हसलं नाय. म्हंजे गाढवावर सुद्धा हसलं नाय. आबा दाराकडं बघत राहिले. तेव्हा बायको दारात आली.

"बिरडं हाय, भाकरी हाय. मासा उद्यापासून. ज्याला जेवायचंय त्यानं पाय धुवून आत यावं. ज्याला नाय त्यानं रिक्षा दारातनं काढावी, गिऱ्हाईकाला जागा पायजे."

आबांनी चपला काढल्या. नळावर पाय धुतले आणि आत जाऊन पयल्या टेबलावर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला, आणि चावता चावता नुसतं माझ्याकडं बघून मान हलवली, ती शाबासकी नव्हती, कीव होती. मग बाकीचे आले. आणि भरलेली टेबलं बघून बिल्डिंगीतल्या बाया उतरल्या. दिवसभर उपास करून, वर गाडीत नि ऑफिसात उभं राहून आलेल्या बाया, आता घरी जाऊन नैवेद्याचा स्वयंपाक कोण करणार. कोण जेवायला बसलं, कोण डबे घेऊन आलं. विमानतळावरचा तो साहेब पण आला. त्यानं मला हातानं मासा करून विचारलं, मी हात जोडले, तर त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

मत्स्यावतारवाल्या बाईंनी जाताना बायकोला विचारलं, पुढच्या गुरुवारी असंच मिळेल का, आमच्या विंगेतल्या आठ घरांना पायजे. बायको बोलली, मिळेल. मग शेजारच्या विंगेनं विचारलं. त्या महिन्याचे सगळे गुरुवार तिथंच उभ्या उभ्या ठरले. आता मासळी असते, रोज असते, मार्गशीर्षातले गुरुवार सोडून. आणि त्या गुरुवारी जेवढी गर्दी होते तेवढी जिताड्याला पण होत नाय.

त्या दिवशी नऊच्या आत टोप खरवडून झाला. शेवटचा माणूस गेल्यावर बायको चुलीपाशी भिंतीला टेकून बसली आणि मला दिसलं की तिचा उपास अजून सुटलाच नाय. बिरडं नाय, खीर नाय, एक भाकरी नाय. सगळ्या करंजाड्याला जेवायला घालून ती सकाळपासून पाण्यावर.

मी बोललो, तू बस. पीठ थोडं उरलं होतं. तेरा वर्षं मी शेजारी बसून बघितलं होतं, वाटलं यात काय मोठं. पाणी जास्त झालं. थापायला गेलो तर भाकरी हाताला चिकटली, तव्यावर टाकली तर अर्धी आली. एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं कच्ची, आणि आकार असा की उरणचा किनारा. तिच्यावर दूध-गूळ घालून मी ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खायला लागली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खानावळवाला. काय बातमी ती त्याच्यापर्यंत पोचली असणार, तरी त्यानं विचारलंच, सकाळच्या भाकऱ्यांचं काय करू वैनी.

ती घास गिळून बोलली, "माझे हात आता मोकळे नायत दादा. पण आमच्याकडं एक नवीन माणूस हाय भाकऱ्या करायला. त्याच्या चालत असतील तर पाठवते."

तो खूश झाला, बोलला नमुन्याचा फोटो तरी पाठवा. बायकोनं ताटातला शेवटचा करपलेला तुकडा उचलला, दुधात फिरवला आणि तोंडात टाकला.

"फोटोला काय उरलं नाय," ती बोलली.